जुनी सुबारू ब्रॅट घ्यायचीय? मग आधी तिचा इतिहास समजून घ्या

सुबारू ब्रॅट पहिल्यांदा बघितली की माणूस थबकतोच. तोंड साध्या जपानी कारचं, मागे बुटका हौदा, आणि त्या हौद्यात मागे तोंड करून बसवलेल्या दोन प्लॅस्टिकच्या सीटा, धरायला दांडे, कमरेला बेल्ट. अमेरिकेतल्या आपल्या मंडळींपैकी ज्यांना जुन्या गाड्यांचं वेड आहे त्यातले काहीजण विचारत असतात की अशी एक घ्यावी का आणि घ्यायची तर काय काय बघून घ्यावी, म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढतोय. माझं म्हणणं असं आहे की ही गाडी घेताना चांगल्या मेकॅनिकइतकाच तिचा इतिहास उपयोगी पडतो, कारण तिच्यात जे जे विचित्र दिसतं त्याच्यामागे काहीतरी ठोस कारण आहे, आणि ते कारण माहीत असलं की समोरच्या गाडीतलं मूळचं काय, कुणी नंतर उचकटलेलं काय, हे पटकन लक्षात येतं.

तर सुरुवात कोंबडीपासून करावी लागते. १९६० च्या आसपास अमेरिकेतली ब्रॉयलर कोंबडी इतकी स्वस्त झाली होती की युरोपात ती धडाधड खपायला लागली, तिथले शेतकरी ओरडले, आणि १९६२ मध्ये युरोपच्या सामायिक बाजाराने आयात कोंबडीवर जबर जकात बसवली. अमेरिकेने बोलणी करून बघितली, जमलं नाही. मग डिसेंबर १९६३ मध्ये अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी उलटा दणका दिला, बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके ट्रक या चार गोष्टींवर २५ टक्के आयातशुल्क. ट्रकच का, तर तेव्हा फोक्सवॅगनच्या टाइप २ व्हॅन आणि पिकअप पश्चिम जर्मनीतून येत होत्या, त्यांना झळ बसावी म्हणून. बाकी तिन्ही गोष्टींवरचा कर पुढे निघाला, ट्रकवरचा तेवढा राहिला, आणि ज्या जर्मनांसाठी तो लावला होता त्यांच्यापेक्षा जास्त फटका पुढे जपान्यांना बसला. याला तिकडे आजही चिकन टॅक्स म्हणतात.

आता दुसरी बाजू. प्रवासी कारवर आयातशुल्क होतं जेमतेम अडीच-तीन टक्के. म्हणजे तीच गाडी कार म्हणून बंदरात उतरली तर किरकोळ पैसे, ट्रक म्हणून उतरली तर किमतीच्या पाव हिस्सा सरकारला. मग प्रत्येकाने आपापली वाट काढली. माझदाकडून बनून येणारी फोर्ड कुरियर आणि इसुझुकडून येणारी शेवरोले लव या गाड्या हौद्याशिवाय नुसती केबिन आणि चॅसिस, म्हणजे खालचा पोलादी सांगाडा, अशा यायच्या, त्यावर ४ टक्के कर, आणि हौदा अमेरिकेत आल्यावर चढवायचा. ही पळवाट सरकारने १९८० मध्ये बंद केली. पण सुबारूला ती वापरताच आली नसती, कारण ब्रॅटला वेगळी चॅसिस नाहीये, केबिन आणि हौदा मिळून एकच बॉडी आहे, कारसारखी. हौदा मागे ठेवून यायचं म्हणजे अर्धी गाडी मागे ठेवून यायचं.

म्हणून मग सीटा. हौद्यात दोन सीटा पक्क्या बसवल्या, खाली कार्पेट अंथरलं, दांडे आणि बेल्ट लावले, आणि कस्टम्सला सांगितलं की ही चार माणसांची प्रवासी कार आहे. चाललं ते. अमेरिकेत १९८५ च्या मॉडेलपर्यंत या सीटा येत राहिल्या. आणि ही युक्ती फक्त त्याच काळातली असंही नाही बरं का, २००९ पासून फोर्डने तुर्कस्तानात बनवलेल्या ट्रान्झिट कनेक्ट व्हॅन मागच्या सीटांसकट आणायच्या आणि कस्टम्समधून सुटल्या की सीटा काढून टाकायच्या असा प्रकार केला, ते प्रकरण वर्षानुवर्षं चाललं आणि शेवटी २०२४ मध्ये ३६.५ कोटी डॉलर भरून मिटवावं लागलं. ब्रॅटमध्ये आणि त्यात फरक एवढाच की ब्रॅटच्या सीटा गिऱ्हाइकाला खरंच मिळायच्या आणि लोक त्यात खरंच बसायचे.

गाडीची कल्पना जपानची नव्हे, मागणी अमेरिकेतून आली. सुबारू ऑफ अमेरिका ही कंपनी १९६८ मध्ये माल्कम ब्रिकलिन आणि हार्वी लॅम यांनी काढली होती, आणि लॅम यांना अमेरिकेतल्या छोट्या पिकअपच्या वाढत्या बाजारात हिस्सा हवा होता. तिकडे जपानमध्ये सुबारू बनवणाऱ्या फूजी हेवी इंडस्ट्रीजकडे लिओने कारची फोर बाय फोर स्टेशन वॅगन तयारच होती. ती सुद्धा कशी आली तर उत्तर जपानच्या बर्फाळ तोहोकू भागातल्या वीज कंपनीला हिवाळ्यात लाइनवर जायला जीपपेक्षा उबदार आणि आरामशीर गाडी हवी होती, त्यातून प्रयोग झाले आणि १९७२ मध्ये फोर बाय फोर लिओने बाजारात आली. त्याच लिओनेचा मागचा भाग कापून हौदा केला की झाली ब्रॅट. १९७७ मध्ये बनायला लागली, १९७८ चं मॉडेल म्हणून अमेरिकेत विकली, आणि मजा म्हणजे जपानमध्ये ही गाडी कधी विकलीच नाही. नाव म्हणजे 'बाय-ड्राइव्ह रिक्रिएशनल ऑल-टेरेन ट्रान्सपोर्टर' याची आद्याक्षरं.

हा इतिहास कळला की गाडी बघायला गेल्यावर पहिली नजर कुठे जायला पाहिजे ते तुम्हालाच कळेल. हौद्यात. सीटा आहेत का? १९८५ पर्यंतच्या अमेरिकन गाडीत नसतील तर कुणीतरी काढल्यात, आणि बऱ्याच जणांनी काढल्यात, कारण सीटा असल्या की हौद्यात सामान मावत नाही. काढल्या असतील तर हौद्याच्या पत्र्यावरच्या जागा हाताने चाचपून बघा, भोकं नीट बुजवलीत का नुसतं सीलंट फासलंय, कारण तिथून पाणी शिरलं की पत्रा आतून सडतो आणि वरून रंग चकाचक दिसतो. विकणाऱ्याला विचारा की सीटा गॅरेजमध्ये पडल्यात का, दांडे आहेत का, बेल्टचे बकल आहेत का. मूळ सीटा-दांड्यांचा अख्खा सेट असलेली ब्रॅट आणि नसलेली ब्रॅट यांच्या किमतीत चांगला फरक पडतो, आणि सुटा सेट नंतर शोधायला गेलात तर दमछाक होते. उलट १९८६ किंवा ८७ च्या गाडीत सीटा दिसल्या तर समजा की त्या दुसऱ्या गाडीतून आणून बसवल्यात. त्यात वाईट काही नाही, फक्त त्याचे जास्तीचे पैसे 'ओरिजिनल' म्हणून द्यायचे नाहीत. आणि हो, त्या सीटांवर पोरांना बसवून हायवेला जायचा विचार मनातून काढून टाका. उघड्या हौद्यात माणसं बसवण्याचे नियम राज्याराज्यात वेगळे आहेत, आणि नियम काहीही असो, मागून कुणी ठोकलं तर पहिले पाय त्यांचेच सापडतात.

साल कसं ओळखायचं. अमेरिकेत १९७८ ते ८१ पहिली पिढी, १९८२ ते ८७ दुसरी. दुसऱ्या पिढीची बॉडी जास्त कोनाकोनाची आहे. १९८१ पासूनच्या गाड्यांना सतरा आकडी-अक्षरी ओळख नंबर (व्हीआयएन) असतो, त्यातलं दहावं अक्षर म्हणजे मॉडेलचं साल, बी म्हणजे १९८१, सी म्हणजे ८२, असं करत एच म्हणजे ८७. विकणारा सांगतो ते साल, कागदावरचं साल आणि हे अक्षर तिन्ही जुळलं पाहिजे. त्याच्या आधीच्या गाड्यांचे नंबर छोटे असतात, तिथे गाडीवरची ओळख नंबराची पट्टी आणि टायटलचा, म्हणजे मालकीचा, कागद शेजारी शेजारी धरून एकेक अक्षर ताडून बघायचं, घाई करायची नाही.

इंजिन आडवं, चार सिलिंडरचं, दोन इकडे दोन तिकडे. सुरुवातीला १.६ लिटरचं ईए७१, मग १९८१ पासून १.८ लिटरचं ईए८१. ताकद दोन्हीकडे बेताचीच, पहिल्या गाडीला ६७ हॉर्सपॉवर, त्यामुळे चढावर मागच्या गाड्यांची रांग लागणार हे धरून चाला. १९८३ आणि ८४ मध्ये टर्बो पण मिळायची, तीही ऑटोमॅटिकसोबतच, ती दुर्मिळ आहे आणि तिचे पार्ट त्याहून दुर्मिळ, म्हणून पहिलीच ब्रॅट घेणाऱ्याने मी म्हणेन साधी मॅन्युअल घ्यावी. या दोन्ही इंजिनांची एक गोष्ट मला फार आवडते, कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, गिअरवर फिरतो, त्याला फिरवणारा टायमिंग बेल्ट नाहीच. म्हणजे बेल्ट कधी बदलला होता हा प्रश्नच येत नाही. इंजिन इतकं बसकं आहे की त्याच्या वर जागा उरते, आणि त्या जागेत स्टेपनी ठेवलीय. बॉनेट उघडल्यावर इंजिनाच्या डोक्यावर टायर बघून घाबरू नका, तो तिथलाच आहे, त्यामुळेच हौदा मोकळा राहतो. स्टेपनी तिथे नसेल तर मात्र विचारा का नाही. बहुतेक वेळा उत्तर असतं की मूळ हिताची कंपनीचा कार्बोरेटर (इंजिनासाठी हवा-पेट्रोल मिसळणारा भाग) काढून वेबर कंपनीचा लावलाय आणि त्याच्या वरच्या एअर फिल्टरमुळे स्टेपनी बसत नाही.

हा वेबर चांगला का वाईट, तर तुम्ही कुठे राहता त्यावर आहे. त्या काळच्या अमेरिकन गाड्यांत प्रदूषणाचे नियम पाळायला व्हॅक्यूमच्या नळ्यांचं जंजाळ असतं, चाळीस वर्षांनी त्यातली अर्धी रबरं तडकलेली असतात, आणि गाडी आयडलला डचमळायला लागते, म्हणून लोक वैतागून सगळं उपटून वेबर लावतात, आणि गाडी मस्त चालते. पण कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्याच गाड्यांना स्मॉग टेस्टमधून सूट आहे, ब्रॅट सगळ्या त्यानंतरच्या, म्हणजे तिथल्या बे एरियात राहणाऱ्याने वेबरवाली गाडी घेतली तर ती पास करून घेताना नाकीनऊ येणार. तुमच्या राज्याचा नियम काय ते पैसे द्यायच्या आधी बघा.

गाडी बघायला जाताना विकणाऱ्याला फोनवरच सांगून ठेवा की मी येईपर्यंत इंजिन चालू करू नका. गेल्यावर बॉनेटवर हात ठेवा, गार पाहिजे. गार इंजिन किती वेळात उचलतं, चोक सुटतो का, सायलेन्सरमधून निळा धूर येतो का, हे तेव्हाच कळतं. मग वीसेक मिनिटं चालू ठेवून तापमानाच्या काट्याकडे लक्ष. ब्लॉक आणि हेड दोन्ही ॲल्युमिनियमचं आहे, नीट सांभाळलं तर हे इंजिन फार चिवट, पण एकदा जोरात तापलं की ब्लॉक आणि हेडमधली सील, म्हणजे हेड गॅस्केट, जातं. रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग, ऑइलच्या झाकणाला आतून पांढरट साय, यातलं एक जरी दिसलं तरी भाव खाली आणा किंवा उठून घरी या.

पण खरं सांगू का, इंजिन बिघडलेली ब्रॅट वाचवता येते, सडलेली येत नाही. त्या काळच्या सुबारूच्याच जिएल आणि डिएल सेडान, वॅगन यांचं इंजिन, गिअरबॉक्स, सस्पेन्शन हेच आहे, त्यामुळे ते पार्ट भंगारातून मिळतात. हौद्याचा पत्रा मात्र फक्त ब्रॅटचाच, आणि चॅसिस वेगळी नसल्यामुळे तो पत्रा म्हणजेच गाडीची हाडं. म्हणून गंज बघायला निम्मा वेळ द्या. एक टॉर्च, एक छोटं चुंबक आणि जमिनीवर पसरायला जुनी चादर घेऊन जा. चाकांच्या वरच्या कमानी, दरवाज्याखालचा उंबरठा, हौद्याचा पुढचा कोपरा जिथे केबिनला जोडतो, फाळक्याची खालची कड, पायाखालची मॅट उचलून तळ, हे सगळं चुंबकाने तपासा, चुंबक चिकटलं नाही तर आत पत्रा नाही, पुट्टी भरलीय. मग चादर टाकून गाडीखाली जा, नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली मात्र कधीच जायचं नाही. मागच्या चाकांना कॉइल स्प्रिंग नाही, टॉर्शन बार आहे, म्हणजे पिळाने काम करणारा पोलादी दांडा, आणि तो जिथे बॉडीला धरलाय तिथला पत्रा कुजला असेल तर तो सौदा तिथेच संपवा. दुरून बघताना गाडीचा मागचा भाग एका बाजूला झुकलेला दिसला तर पहिला संशय इथेच घ्यायचा. मिशिगन, ओहायो, न्यू जर्सी असल्या रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या राज्यांतल्या गाड्या या बाबतीत बहुतेक गेलेल्याच असतात, ॲरिझोना किंवा पूर्व ओरेगॉनसारख्या कोरड्या भागातली गाडी थोडी महाग मिळाली आणि ट्रेलरवरून आणायला खर्च आला तरी शेवटी स्वस्तच पडते.

दुसऱ्या पिढीतल्या काही गाड्यांना छपरात दोन काढता येणारी झाकणं असतात, त्याला कंपनी हेलो ट्विन रूफ म्हणायची. उन्हाळ्यात काढून फिरायला सुंदर. पण त्याची रबरं म्हातारी झाली की पाणी थेट मांडीवर, आणि तिथून तळाच्या पत्र्यावर. पाण्याची बाटली घेऊन जा, विकणाऱ्याला विचारून झाकणांच्या कडेने ओता, आत बसून बघा. झाकणं चिरलेली नाहीत ना, ठेवायच्या पिशव्या आहेत का, हेही विचारा.

आता फोर बाय फोर. अमेरिकेतली प्रत्येक ब्रॅट फोर बाय फोर होती पण ती आजच्या सुबारूसारखी कायमची नाही. एरवी गाडी पुढच्या चाकांवर चालते, लिव्हर ओढला की मागची चाकं जोडली जातात, आणि मध्ये डिफरन्शियल (चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा संच) नसल्यामुळे पुढची आणि मागची चाकं एकाच वेगाने बांधली जातात. वळताना मात्र पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, तो फरक चिखलात, बर्फात, मुरुमावर चाकं घसरून निघून जातो, कोरड्या डांबरावर जात नाही आणि सगळा ताण गिअरबॉक्सवर येतो. म्हणून टेस्ट करायची ती खडीच्या किंवा मातीच्या जागेवर. सरळ रेषेत हळू जाताना लिव्हर टाका, सहज पडला पाहिजे. थोडं पुढे-मागे करा, मागची चाकं खरंच खेचतायत का ते बाहेर उभ्या माणसाला बघायला सांगा. मग काढा, काढतानाही अडता कामा नये. विकणारा डांबरावरच लिव्हर टाकून ऐटीत गोल चक्कर मारून दाखवत असेल तर समजून जा की गाडी आयुष्यभर तशीच चालवली गेलीय. चारही टायर एकाच मापाचे आणि साधारण सारखेच झिजलेले पाहिजेत, कारण तेच, मापात फरक असला की फोर बाय फोरमध्ये गिअरबॉक्स ओढला जातो. १९८१ पासून बऱ्याच गाड्यांत लो रेंज, म्हणजे हळू पण जास्त जोराने ओढणारा गिअर, हाही आहे, ती पण टाकून बघा. नंतर स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू फिरवा, पुढून टक-टक-टक आवाज आला तर ॲक्सलचे सांधे गेलेत, हे काम महाग नाही पण भाव करायला उपयोगी.

चाकांचं एक वेगळंच. चार बोल्ट, १४० मिलिमीटरच्या वर्तुळावर, आणि हे माप आजकाल सहसा कुणी वापरत नाही, त्यामुळे दुकानात गेलं आणि अलॉय आणले असं होत नाही. काही जण हबला जादा भोकं पाडून सहा बोल्टांची ट्रकची चाकं बसवतात. ते नीट मशीनवर केलेलं असेल तर ठीक, हातड्रिलने केलेलं दिसलं तर दूर राहा.

ऑस्ट्रेलियातल्या मंडळींनी ब्रॅट शोधायचीच नाही, तुमच्याकडे हीच गाडी ब्रम्बी नावाने १९७८ ते १९९४ विकली गेली आणि शेतकऱ्यांनी ती जीव जाईपर्यंत वापरली. तिथे असला कर नव्हता म्हणून हौद्यात सीटाही नाहीत, त्यामुळे सीटा नाहीत म्हणून तिथल्या गाडीला नावं ठेवू नका. ब्रिटनमध्ये ही एमव्ही पिकअप होती. अमेरिकेत ज्यांना रोज चालवायला अशीच पण जरा तरुण गाडी हवीय त्यांनी २००३ ते २००६ ची सुबारू बाहा बघावी, ती इंडियानातल्या लाफायेतमध्ये बनायची, अमेरिकेतच बनल्यामुळे कराचा प्रश्न नाही, चार दरवाजे, चार माणसं आत बसतात. डिझेलची आवड असेल तर फोक्सवॅगनची रॅबिट पिकअप आहे, ती पेन्सिल्व्हेनियात बनायची, म्हणजे ज्या कंपनीसाठी हा कर लावला होता तिने शेवटी कारखानाच अमेरिकेत आणून त्यातून सुटका करून घेतली. फोर बाय फोर मात्र तिच्यात नाही.

एक गोष्ट मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. रोनाल्ड रेगन यांच्याकडे कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बराजवळच्या रांचो देल सिएलो या रँचवर १९७८ ची ब्रॅट होती. त्यांच्याच सरकारच्या काळात, १९८१ मध्ये, जपानला अमेरिकेत पाठवायच्या गाड्यांवर स्वतःहून मर्यादा घालायला लावलं गेलं, वर्षाला १६.८ लाख. आणि इकडे रँचवर कामाला जपानी ब्रॅट. ती गाडी पुढे परत दुरुस्त करून त्याच रँचवर ठेवलीय. तिचे फोटो जरूर बघा.

गाडी घरी आली की लगेच लांब फिरायला नेऊ नका. पहिल्यांदा पेट्रोलच्या आणि पाण्याच्या सगळ्या रबरी नळ्या बदला, ब्रेकचे होज बदला, थर्मोस्टॅट नवीन टाका, सगळं मिळून फार खर्च नाही. व्हॅक्यूमच्या नळ्यांना हात लावायच्या आधी भरपूर फोटो काढून ठेवा आणि एका वेळी एकच नळी काढून तीच नवीन लावा, सगळ्या एकदम काढल्या तर नंतर कुणालाच उलगडा होत नाही. मॅन्युअल गाडीत गिअरबॉक्सचं आणि पुढच्या डिफरन्शियलचं तेल एकच असतं, मागच्या डिफरन्शियलचं वेगळं, आणि ते मागचं लोक विसरतात. ते बदलताना आधी वरचा भरायचा बोल्ट सुटतोय का ते बघा, आणि तो सुटल्यावरच खालचा निचऱ्याचा बोल्ट सोडा, नाहीतर तेल सगळं खाली आणि नवीन भरायला वाटच नाही अशी वेळ येते.